ठेवणीतला ग्रास कटर सुरू होऊन लगेच बंद पडतो तेव्हा

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रास कटरचे वर्ष ठरलेले असते. पावसाळा सरत आला की बेणणीसाठी तो बाहेर निघतो, दिवाळीच्या मागेपुढे बागेचे काम उरकते, थंडीत वणव्याच्या भीतीने कडेचा पट्टा एकदा साफ केला जातो आणि मग तो मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, कोपऱ्यात जो जातो, तो पुढचे सहा-सात महिने तिथेच राहतो. पुन्हा काढल्यावर चार-पाच वेळा दोरी ओढली की इंजिन सुरू होते, मालकाला हायसे वाटते, आणि दहाव्या सेकंदाला ते विझते. पुन्हा दोरी, पुन्हा दहा सेकंद. खांदा भरून येतो, गवत आहे तिथेच राहते आणि मग बहुतेक जण बाजारात जाऊन नवा प्लग आणतात.

प्लग बदलल्याने या दुखण्यात सहसा फरक पडत नाही. इंजिन दहा सेकंद का होईना चालले, याचा अर्थ ठिणगी पडते आहे आणि पिस्टन पुरेसा दाब धरतो आहे. यातले एक जरी नसते तरी इंजिनाने पहिला ठोकासुद्धा दिला नसता. म्हणजे उरले पेट्रोल आणि हवा, आणि हवेत पुन्हा दोन बाजू आल्या, आत येणारी आणि धूर होऊन बाहेर जाणारी. शोध एवढ्याच भागात घ्यायचा आहे. तो कुठून सुरू करायचा हे इंजिन बंद कसे पडते त्यावरून कळते, म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी यंत्र दोन-तीन वेळा सुरू करून शांतपणे ऐकावे. पुढचे विवेचन मुख्यतः ४३ किंवा ५२ सीसीच्या, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्रांविषयी आहे, कारण बागांतून तीच अधिक दिसतात. फोर-स्ट्रोक यंत्रे आणि बंगल्यांतले लॉनमोवर यांच्याविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

बंद पडण्याच्या तऱ्हा

चोक लावलेला असेपर्यंत इंजिन चालते आणि चोक काढताच विझते, ही ठेवणीतल्या यंत्राची सर्वांत नेहमीची तऱ्हा आहे. चोक हवा अडवतो, म्हणून थोडे पेट्रोलसुद्धा पुरते. चोक काढला की हवा पूर्ण येते, पण पेट्रोल तेवढेच राहते. याचा अर्थ पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या आतली बारीक छिद्रे अर्धवट बुजली आहेत किंवा पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत नीट पोहोचत नाही. सुरू करण्यापूर्वी पेट्रोल ओढून घेण्यासाठी दाबायचा रबरी फुगा दाबत राहिले तर इंजिन चालते आणि हात काढला की बंद होते, अशी तक्रार असेल तर कार्बोरेटरमधला पंपाचा पडदा, टाकीतला फिल्टर किंवा चिरलेली नळी यांवर संशय घ्यावा.

स्लोवर ठीक चालते, पण रेस दिली की भुर्र करून गुदमरते, तेव्हा दोन शक्यता असतात: पेट्रोलची मुख्य वाट चोंदली आहे, किंवा सायलेन्सर तुंबला आहे. प्लग काढून पाहिल्यास निवाडा होतो. प्लग कोरडा आणि फिकट असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल येते आहे, हवा किंवा धूर अडतो आहे.

पाच-दहा मिनिटे उत्तम काम करून पेट्रोल संपल्यासारखे हळूहळू मरणारे इंजिन वेगळे. त्याच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ असा आवाज आला आणि झाकण पुन्हा लावल्यावर इंजिन सुरू झाले, तर झाकणातले किंवा टाकीवरचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. टाकीतले पेट्रोल कमी होते तशी तिच्यात हवा शिरली पाहिजे. ती न शिरल्यास आत पोकळी होते आणि पंप पेट्रोल ओढू शकत नाही. यापेक्षाही वेगळे म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी, चांगले तापल्यावर, बटण दाबल्यासारखे एकदम थांबणारे आणि थंड झाल्याशिवाय काही केल्या सुरू न होणारे इंजिन. तिथे ठिणगी देणारी कॉईल तापल्यावर दगा देत असते. ती बदलावी लागते आणि त्याचा ठेवणीशी फारसा संबंध नसतो.

आधी पेट्रोल, मग बाकी सगळे

टाकीत मागच्या हंगामातले पेट्रोल असेल तर त्यावर कुठलीही परीक्षा घेऊ नये. ते आधी एका पारदर्शक काचेच्या बाटलीत काढावे आणि बाटली अर्धा तास हलवू नये. हे काम मोकळ्या जागी, चूल, विडी आणि चालू बटणे यांपासून दूर करावे, आणि तत्पूर्वी प्लगची टोपी ओढून बाजूला करावी. ताज्या पेट्रोलचा वास नाकाला झोंबतो. बिघडलेल्याचा वास जुन्या वार्निशासारखा जड येतो. त्याचे कारण असे की पेट्रोलमधले चटकन उडून जाणारे, आणि म्हणूनच इंजिन सुरू करायला उपयोगी पडणारे, घटक उन्हाळ्यात झाकणाच्या छिद्रातून निघून जातात. मागे राहते ते जड द्रव्य आणि ऑईल. कार्बोरेटरमध्ये थेंबभरच पेट्रोल असते, ते तर पुरते आटते आणि त्याचा काकवीसारखा चिकट थर छिद्रांवर बसतो.

याच्या जोडीला आता इथेनॉल आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तेच आपले नेहमीचे पेट्रोल झाले. रोज फिरणाऱ्या दुचाकीच्या टाकीत पेट्रोल आठवडाभरही टिकत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा उठत नाही. मांगरात पडून राहिलेल्या यंत्राचे तसे नाही. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडच्या हवेत पाण्याला तोटा नसतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला बरोबर घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि तळाशी बसते. बाटलीत दोन थर दिसले, मध्ये रेघ दिसली किंवा सगळे गढूळ, ताकाच्या निवळीसारखे दिसले, तर हाच प्रकार झाला आहे असे समजावे.

टू-स्ट्रोक इंजिनाला हा तळाचा थर विशेष घातक आहे. मिश्रणातले ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, आणि टाकीतली फिल्टरची नळी मात्र तळाशी पडलेली असते. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला जवळजवळ ऑईल नसलेले पाणीदार इथेनॉल येते. अशा यंत्राला रेस देऊन ‘जळून जाईल घाण’ असे म्हणत राहणारे लोक पिस्टन जाम करून बसलेले मी पाहिले आहेत. काढलेले पेट्रोल विहिरीच्या आसपास किंवा वहाळात ओतू नये. डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

टाकी थोड्या ताज्या मिश्रणाने विसळून घ्यावी आणि मग नवे मिश्रण करावे. यंत्राच्या पुस्तिकेत ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर आणि २५:१ सांगितले असेल तर ४० मिलिलिटर टू-टी ऑईल लागते. अंदाजाने झाकणभर ओतू नये. औषधाच्या बाटलीवर मिळणारी खुणांची लहान पेली यासाठी फार चांगली. लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि ते महिन्याभरात संपवावे. नव्या पेट्रोलवर इंजिन चोकवर सुरू करून, थोडी रेस ठेवून दोन-तीन मिनिटे चालवण्याचा प्रयत्न करावा. थर फार जुना नसेल तर पुष्कळदा एवढ्यानेच काम होते आणि पुढचे काही उघडावे लागत नाही.

टाकीतला फिल्टर, नळ्या आणि फुगा

टाकीच्या तोंडातून तारेचा आकडा घालून फिल्टर बाहेर ओढता येतो. तो काळपट, कडक किंवा बुळबुळीत झाला असेल तर धुण्यात वेळ घालवू नये. ही स्वस्त वस्तू आहे, बदलून टाकावी. मग नळी बोटांत धरून वाकवावी. जुनी नळी एकतर कडक होऊन वळताना बारीक भेगा दाखवते, किंवा इथेनॉलने फुगून चिकट झालेली असते. टाकीत शिरते त्या तोंडाशी आणि कार्बोरेटरच्या नळकांड्यावर बसते त्या टोकाशी भेग हमखास सापडते. एवढ्या भेगेतून पेट्रोल गळताना दिसेलच असे नाही, पण ओढीबरोबर हवा मात्र शिरते, आणि हवेचा एक बुडबुडा इंजिन विझवायला पुरतो.

फुगा दाबल्यावर तो पेट्रोलने भरला पाहिजे आणि परत वर आला पाहिजे. दाबलेला तसाच आत राहिला तर टाकीकडून पेट्रोल येण्याची वाट बंद आहे. नुसती हवाच येत राहिली तर नळी किंवा फुगाच फुटला आहे.

हवा येण्याची आणि धूर जाण्याची वाट

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, दाबून, सावलीत पूर्ण वाळवावा. तो हातातच भुगा होऊ लागला तर टाकून द्यावा, कारण त्याचे कण कार्बोरेटरमध्ये जातात. फिल्टर काढून इंजिन क्षणभर चालवून पाहण्यास हरकत नाही, पण त्याशिवाय बागेत कधीही काम करू नये.

सायलेन्सरकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, आणि इथे मी माझीच फजिती सांगतो. एका ऑगस्टमध्ये मी कार्बोरेटर तीन वेळा उघडून धुतला, पडदे बदलले, पेट्रोल दोनदा बदलले. इंजिन सुरू व्हायचे, कण्हायचे आणि बंद पडायचे. प्लग दर वेळी ओला. शेवटी दोरी ओढताना सायलेन्सरच्या तोंडासमोर हात धरला तेव्हा लक्षात आले की वारा येतच नाही. छत्रीच्या काडीने टोकरल्यावर आधी तांबडी माती पडली, मग मातीची एक गुळगुळीत खोली फुटली आणि तीतून पाच-सहा वाळक्या हिरव्या अळ्या बाहेर आल्या. कुंभारमाशीने उन्हाळ्यात तिथे घर बांधून पिल्लांची बेगमी करून ठेवली होती. तिला बोटभर छिद्र कुठेही चालते, दाराच्या कडीचे, बासरीचे किंवा सायलेन्सरचे. तेव्हापासून सायलेन्सरसमोर हात धरणे हे मी कार्बोरेटर उघडण्याच्या आधी करतो.

माशी नसली तरी काजळी असते. सायलेन्सरच्या तोंडाशी बहुतेक यंत्रांत बारीक जाळी बसवलेली असते, ठिणगी बाहेर पडून वाळक्या गवताला आग लागू नये म्हणून. ऑईल जास्त झालेल्या यंत्रात ती काळ्या डांबरासारख्या थराने बुजते. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासावी आणि पुन्हा बसवावी. नको म्हणून फेकून देऊ नये, विशेषतः डोंगरउताराच्या बागेत.

कार्बोरेटर उघडताना

इथवर सगळे ठीक निघाले आणि तरीही चोक काढताच इंजिन विझत असेल, तर कार्बोरेटर उघडावा. ग्रास कटरचा कार्बोरेटर काड्यापेटीपेक्षा थोडा जाड, चौकोनी ठोकळा असतो. मोटारसायकलप्रमाणे त्यात पेट्रोलची वाटी आणि तरंगणारा फ्लोट नसतो, कारण हे यंत्र उताराप्रमाणे कसेही वाकडे धरावे लागते. त्याऐवजी दोन बाजूंना दोन पातळ पडदे असतात. एका बाजूचा पडदा इंजिनाच्या खालच्या पोकळीतल्या दाबाच्या झटक्यांवर थरथरून पेट्रोल ओढतो, म्हणजे पंपाचे काम करतो. दुसऱ्या बाजूचा पडदा इंजिनाच्या ओढीप्रमाणे आत दबतो, त्याखालची इवलीशी तरफ हलवतो आणि सुईची झडप उघडून लागेल तेवढेच पेट्रोल सोडतो. हा दुसरा पडदा ताठरला की तरफ पुरेशी दबत नाही आणि इंजिन उपाशी राहते.

पांढरे कापड अंथरून, हात धुऊन, चांगल्या उजेडात बसावे. एअर फिल्टरचा डबा काढला की दोन लांब स्क्रूंवर कार्बोरेटर सुटतो. सोडवण्यापूर्वी मोबाईलवर सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत, विशेषतः दोन नळ्यांचे. एक नळी फिल्टरकडून येते आणि दुसरी जादा पेट्रोल टाकीत परत नेते. त्यांची अदलाबदल झाली तर फुगा कितीही दाबला तरी टाकीत नुसते बुडबुडे येतात, आणि माणूस आपण कार्बोरेटर बिघडवला असे समजून घाबरतो. पडदा आणि त्याचे गॅस्केट यांतले आधी कोणते आणि मग कोणते, हा क्रमही प्रत्येक थरागणिक फोटोत असावा, कारण दोन्ही बाजूंचा क्रम सारखा असेलच असे नाही.

पंपाच्या बाजूचे झाकण काढल्यावर आत तुरीच्या डाळीएवढी गोल बारीक जाळी दिसते. टाकीतल्या फिल्टरमधून सुटलेला सगळा गाळ हिच्यावर बसतो. प्लग कोरडा राहण्याचे कारण कित्येकदा एवढीशी जाळीच असते. ती टाचणीच्या टोकाने अलगद उचलून धुवावी. दुसऱ्या बाजूचा पडदा बोटाने हलकेच दाबून पाहावा. चांगला पडदा कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा नरम, आवाज न करता दबतो. बाद झालेला जुन्या पोथीच्या पानासारखा कडकडतो आणि दाबलेला राहतो. कडकडणारा पडदा धुऊन नरम होत नाही. त्याचे किट मिळते. ते घेताना जुना कार्बोरेटर दुकानात बरोबर न्यावा, कारण दिसायला सारख्या पडद्यांतही छिद्रे वेगळ्या जागी असतात.

पडदे, गॅस्केट आणि रबरी भाग काढून ठेवल्यावरच कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारावा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. प्रत्येक छिद्रातून धार सरळ निघते का ते पाहावे. बुजलेल्या छिद्रात तार, सुई किंवा ड्रिल घालू नये. ती छिद्रे केसाएवढ्या मापावर पाडलेली असतात; एकदा मोठी झाली की इंजिन पुन्हा नीट लागत नाही. क्लीनरमध्ये भिजवून, थांबून, पुन्हा फवारणे हाच मार्ग आहे. ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरली असेल आणि खरवडल्यावर खाली खड्डे दिसत असतील, तर पाण्याने धातू खाल्ला आहे. तिथे किटवर पैसे घालण्यापेक्षा नवा कार्बोरेटर घ्यावा. बाकी वेळी मात्र स्वस्त नकली कार्बोरेटरपेक्षा मूळचा धुऊन, पडदे बदलून वापरलेला बरा, असा माझा अनुभव आहे.

जोडल्यावर

इंजिन तीन-चार मिनिटे तापू द्यावे आणि मगच स्क्रूला हात लावावा. पेट्रोलचे स्क्रू फिरवण्यापूर्वी ते आत किती आटे जातात हे मोजून लिहून ठेवावे, म्हणजे परतीची वाट राहते. फुल रेसवर पात्याला काम नसताना आवाज किंचित घोगरा आला पाहिजे. स्वच्छ, कर्कश, शिट्टीसारखा आवाज अनेकांना आवडतो, पण त्या वेळी पेट्रोल कमी आणि हवा जास्त असते, आणि पेट्रोलबरोबर ऑईलही कमी येत असल्याने पिस्टन भाजतो. स्लोवर पाते फिरता कामा नये. फिरत असेल तर स्लोचा स्क्रू थोडा सैल करावा. तरीही फिरत राहिले तर क्लच पाहून घेतल्याशिवाय ते यंत्र मजुराच्या हाती देऊ नये.

कार्बोरेटर स्वच्छ असूनही स्लोचा आवाज आपोआप चढत-उतरत असेल किंवा रेस सोडली तरी वेग खाली येत नसेल, तर कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधले गॅस्केट किंवा क्रँकचे सील हवा ओढत आहे. गॅस्केट घरी बदलता येते. सीलसाठी जाणत्या मेकॅनिककडे जावे आणि तोवर यंत्र चालवू नये.

फोर-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये निदान हेच असते. फक्त ऑईल वेगळ्या जागी असते, आणि यंत्र ठेवणीत आडवे पडले असेल तर ते एअर फिल्टरपर्यंत चढलेले आढळते. सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या लॉनमोवरमध्ये मात्र कार्बोरेटर वाटीचा असतो. तिथे वाटीखालचा बोल्ट सोडून गाळ आणि पाणी काढावे, मधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा, उजेडासमोर धरून आरपार दिसतो का ते पाहावे. आवाज लाटेसारखा वर-खाली होत असेल तर दोष बहुधा त्या जेटमध्येच सापडतो.

पुन्हा ठेवताना

हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, फुगा दाबून नळ्यांतले पेट्रोल टाकीत आणून तेही काढावे आणि मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. कोरड्या कार्बोरेटरमध्ये पडदे लवकर ताठरतात असे काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण पडद्याचे किट बदलता येते, खाल्लेला धातू भरून येत नाही, म्हणून सध्याच्या पेट्रोलला मी कोरडे ठेवणेच पसंत करतो. प्लग काढून चमचाभर टू-टी ऑईल सिलिंडरमध्ये सोडावे, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढावी, प्लग परत लावावा. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर त्याच्या तोंडात चिंधी कोंबावी, आणि तिचे दुसरे टोक स्टार्टरच्या मुठीला बांधून ठेवावे, म्हणजे पुढच्या श्रावणात दोरीला हात घालणाऱ्याला आधी चिंधी काढावीच लागते.